कुंकवाखालचं नाव

ताडकळसच्या स्टँडसमोर राजेश्रीचं ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं. कोडिंग ती मोबाइलवर बघून शिकली. मलाही चळवळ कुणी शिकवली नाही, म्हणून आमचं जमतं.

यंदा सरकारनं नव्वदच्या आधीपासून गायरान कसणाऱ्यांचे, जमीन नावावर करायचे अर्ज ऑनलाइन मागवले. सोबतच्या कागदाची स्कॅन केलेली नक्कल निव्वळ काळी-पांढरी पाहिजे, करडीसुद्धा चालत नाही. राजेश्रीनं दहा-बारा ओळींचा कोड लिहिला. चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. त्यांची सरासरी निम्म्याच्या वर गेली तर ठिपका पांढरा, खाली राहिली तर काळा. मधलं काही नाही.

"सरकारसारखंच," मी म्हणालो.

"भाऊ, भाषण दुकानाबाहेर."

गायरानातले दोन एकर कसणारी धुरपदाबाई एकच कागद घेऊन आली. १९८८ साली गायरान नांगरलं म्हणून तिच्या सासऱ्याला, सूर्यभानला, दंड झाला होता, त्याची पावती. नव्वदच्या आधीपासून जमीन कसतो याचा तेवढाच पुरावा. आणि ही माणसं दंडाची पावती दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडत आली! कुंकू नेमकं नावावर. डोळ्याला खालची निळी अक्षरं दिसत होती, पण कोडमधून काढली की नावाच्या जागी काळा डाग.

"पुसू का गं माय?"

"नका मावशी, शाईबी जाईल."

दोन दिवस राजेश्री त्यावर खपली. शेवटी सरासरी सोडली, फक्त लाल आकडा धरला. कुंकवाचा लाल आकडा मोठा, ते पांढरं झालं. निळ्या शाईचा लहान, ती काळी उरली. नाव पडद्यावर आलं. धुरपदाबाईनं कॉम्प्युटरला हात जोडले.

तालुक्याच्या कचेरीत कारकुनानं पावती आणि नक्कल शेजारी-शेजारी ठेवली. "मूळ पावतीवर डाग हाय, नकलेत न्हाई. फेरफार केलाय."

राजेश्रीनं सगळं समजावलं. त्यानं ऐकूनही घेतलं. मग म्हणाला, "डाग काढता येतो, मग नाव घालताबी येत असंल की."

घालता येतंच, हे तिला ठाऊक होतं.

"अहो, मूळ कागद समोर हाय, वाचा ना डोळ्यांनी!" मी टेबलावर हात आपटला.

"मी वाचून काय करू? नक्कल वाचता आली पाहिजे."

मला चपराशानं बाहेर काढलं. मग डाग तसाच ठेवून नक्कल टाकली, ती 'नाव अस्पष्ट' म्हणून परत आली. मुदत संपली. महिन्याभरात त्या दोन एकरांत सोलरचे खांब रोवले, आणि धुरपदाबाई कोयता घेऊन गंगाखेडकडं ऊसतोडीला गेली.

परवा पिंगळीचा एक म्हातारा असाच कुंकू लावलेला कागद घेऊन दुकानात आला. राजेश्रीनं तो उजेडात धरला, घडी घातली, त्याच्या हातात परत दिला.

"होत न्हाई बाबा."

मी तिथंच बाकड्यावर बसलो होतो. सरकून म्हाताऱ्याला जागा दिली.