ताईची ओटी

मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा आईने मला आतल्या खोलीत बसवलं आणि म्हणाली, "कुणाजवळ बोलायचं नाही." ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, तिला अजून आली नव्हती. उंचीनेही ती माझ्या खांद्याशी यायची.

झाशीत मराठी घरं मोजकी, त्यातली बरीचशी नात्यातली. इकडची गोष्ट गुरसरायच्या मराठी घरांत पोचायला वेळ लागत नाही. धाकटी आधी शहाणी झाली हे कळलं तर थोरलीला कोण करून घेणार? म्हणून आईने सवाष्णी बोलावल्या आणि माझ्याऐवजी ताईची पहिल्या पाळीची ओटी भरली.

"अगं, पोर लुगड्यात हरवली की!" एक काकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या. ताईही हसली. मी आत पोट दाबून पडले होते.

पुढे मी बी.एस्सी.ला गेले. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मीच पहिली. एकदा प्राणिशास्त्राच्या तासाला सर सांगत होते, की काही मुलींमध्ये दोनऐवजी एकच एक्स गुणसूत्र असतं. उंची वाढत नाही, मान आखूड राहते, पाळी येत नाही. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

आईला सांगायचा धीर झाला नाही, ताईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "चल, दाखवून येऊ."

रक्ताची तपासणी झाली. तसंच निघालं. डॉक्टरीणबाई मायेने बोलल्या, "बेटा, इसमें किसी का दोष नहीं है." गोळ्यांनी पाळी येईल, हाडं बळकट राहतील. मूल होणं मात्र कठीण. मग ताईकडे बघत म्हणाल्या, "चार-पाँच साल पहले ले आते, तो क़द भी कुछ बढ़ जाता."

चार-पाच वर्षांपूर्वी आम्ही तिची ओटी भरत होतो.

त्याच सुमारास गुरसरायहून ताईला मागणी आली. ताईने आईला तपासणीचं सांगितलं होतं, तरी आईने आम्हा दोघींना बजावलं, "लग्न होऊ दे. मग बघू."

मुलाची आई चहा घेता घेता म्हणाली, "पोर ठेंगणी आहे, पण चालेल. हिच्या ओटीला मी स्वतः होते ना."

ताई म्हणाली, "काकू, ती ओटी या धाकटीची होती. मला पाळी आलेलीच नाही. मूलही व्हायचं नाही."

त्या बाईंनी कप खाली ठेवला. "बरं झालं बाई, सांगितलंस," म्हणाल्या आणि उठल्या. पुन्हा कुठूनच मागणी आली नाही. आई कित्येक दिवस ताईशी बोलली नाही.

ताईने गोळ्या सुरू केल्या. काही महिन्यांनी एका सकाळी ती स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हणाली, "आई, आली गं."

आई कणीक मळत होती. "बरं," म्हणाली. मान वर केली नाही. कणीक केव्हाच मळून झाली होती, तरी ती मळतच राहिली.