पाऊलसर

शाळेच्या जिन्यावरून कोण येतंय हे आम्ही मुलं न बघता ओळखायचो. शिपाईमामा चपला फरफटवत यायचे, शिबिराच्या प्रमुख बाई दोन-दोन पायऱ्या एकदम चढायच्या. फक्त पाऊलसर कधी ओळखू आले नाहीत. एके दिवशी वाटायचं, कुणी जाडजूड बाई धापा टाकत वर येतेय. दुसऱ्या दिवशी वाटायचं, पाचवीतलं पोर उड्या मारत येतंय. आणि दारात उभे राहायचे ते हेच, साठीकडे झुकलेले, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी एकदा विचारलं, "सर, तुमची स्वतःची चाल कुठली?" ते खरोखर विचारात पडले. "होती गो," म्हणाले. "लग्नाच्या आधी होती. मग इतक्यांच्या चाली घेतल्या, ती खाली कुठेतरी दबली." आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

मुलुंड पूर्वेला आमच्या शाळेत दर मे महिन्यात नाट्यशिबिर भरायचं. नाटक-सिनेमात रोज काम करणारी माणसं येऊन शिकवायची. कुणी आवाज लावायला शिकवे, कुणी नाच बसवे. पाऊलसर चालायला शिकवायचे. अंधेरीच्या एका स्टुडिओत त्यांची नोकरी होती. सिनेमात नट चालतात ना, तो आवाज शूटिंगचा नसतो, तो नंतर भरतात. पडद्यावर नटी पळत असते आणि इकडे बंद खोलीत एक माणूस बायकी सँडल घालून, पडद्याकडे बघत, जागच्या जागी पळत असतो. तो माणूस म्हणजे आमचे सर. कितीतरी हिरोंच्या पायांचे आवाज त्यांचे होते आणि पडद्यावर त्यांचा चेहरा कधीच आला नव्हता. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "तोंडाने माणूस खोटं बोलतो," ते म्हणायचे. "पायाने बोलायला त्याला अजून जमलेलं नाही. म्हणून आधी पाय शिका."

दुसऱ्याचं पायताण घालायच्या आधी ते त्यात हात घालून थोडा वेळ गप्प बसत. आणि काढल्यावर बाथरूममध्ये जाऊन दोन्ही पायांवर पाणी ओतून घेत. एकदाही चुकवत नसत. आम्हाला वाटे, स्वच्छतेचं वेड असेल. विचारलं तर म्हणाले, "आलेल्याला परत पाठवायला नको काय?" मालवणी माणूस, असं काहीतरी बोलायचाच, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. आदल्या दिवाळीच्या तोंडावर बाबा गेले होते. ऑफिसला निघाले आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला म्हणून बसले, ते उठलेच नाहीत. तेराव्याला चपला दान दिल्या त्या नव्या आणलेल्या. त्यांच्या जुन्या, अंगठ्याच्या, डावीकडून झिजलेल्या चपला स्टँडवर तशाच राहिल्या. आई रोज स्टँड पुसायची, त्या उचलायची, पुसायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची.

शिबिराच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी सांगितलं, "उद्या प्रत्येकाने घरातल्या कुणाचं तरी पायताण आणा. कुणाचं ते सांगायचं नाही." दुसऱ्या दिवशी ते काळ्या पडद्यामागे चालत होते आणि आम्ही डोळे मिटून ओळखत होतो. एका मुलाने आजोबांचे बूट आणले होते. सर चार पावलं चालले आणि पडद्यामागून म्हणाले, "हे आजोबा घरी सांगून जातात देवळात आणि पोचतात वडापावच्या गाडीवर." तो मुलगा जवळजवळ ओरडलाच, "सर, तुम्हाला कसं कळलं?" सगळा हॉल हसला.

मग माझी पिशवी पुढे गेली. आईला न विचारता मी बाबांच्या चपला आणल्या होत्या. का आणल्या, ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक मला सरांना हरवायचं होतं.

पडद्यामागे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग पाऊल पडलं. उजवं ठाम, डावं किंचित ओढलेलं. स्कूटरवरून पडल्यापासून बाबांचा डावा गुडघा पुरता वाकत नसे. ते ठीक होतं, ती झीज चपलेत दिसत होती. पण सहा-सात पावलांनंतर एक पाऊल उशिरा पडलं, उंच उचलून, पलीकडे टाकल्यासारखं. आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारात पूर्वी उंबरा होता. फरशी बदलताना तो काढून टाकला, पण बाबा पुढेही कितीतरी वर्षं तिथे पाय उचलून टाकायचे. आई त्यांना हसायची. हे चपलेला कुठून कळणार?

तेवढ्यात दारातून आईचा आवाज आला. अगदी रोजचा, पदराला हात पुसत बोलावं तसा.

"आज लवकर आलात?"

पावलं थांबली. मी डोळे उघडले. स्टँडवर चपला दिसल्या नाहीत म्हणून आई शाळेत आली होती. घरातल्याच गाऊनवर ओढणी घेतलेली, हातात किल्ल्या. सर पडद्याबाहेर आले. आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, ती पायांकडे बघत राहिली. सरांच्या लक्षात आलं. त्यांनी घाईने चपला काढल्या, हात जोडले. "वहिनी, माफ करा. तुमच्या चेडवाने सांगितलं नाही." आईने चपला ओढणीत गुंडाळल्या आणि मला घेऊन निघाली. घरी ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते. ती एवढंच म्हणाली, "उंबरासुद्धा होता गं."

त्यानंतर आईत फरक पडला. ती जेवायला लागली, केसांना तेल लावायला लागली. मला बरं वाटलं. मग एकदा दुपारी शिबिर सुटल्यावर मी घरी आले तर दाराला कुलूप, आणि खिडकीतून दिसत होतं की स्टँडवर चपला नाहीत. मी तशीच परत शाळेत गेले. ऊन रणरणत होतं, मैदानात चिटपाखरू नव्हतं. जिन्याखाली पोचले आणि वरून, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून, बाबा चालत असल्याचा आवाज आला.

दार लोटलेलं होतं. फटीतून आई दिसली. लहान मुलांच्या बाकावर डोळे मिटून बसली होती आणि बोलत होती. "बाथरूमच्या भिंतीला पुन्हा ओल आलीय. त्या माणसाला दोनदा फोन केला, येतो म्हणतो आणि येत नाही. हिचं गणित कच्चं राहिलंय, तुम्ही असतात तर..." पडद्यामागे पावलं येत-जात होती. सर एक शब्द बोलत नव्हते. तिचं बोलून झालं की पावलं थांबत, जणू ऐकून घेतलं. मला भीती वाटली त्याहून जास्त राग आला. बाबांशी बोलायला मला नेलं नव्हतं.

आई चपला घेऊन गेली. मी दाराआड उभीच राहिले. सर बाथरूममध्ये गेले, पायांवर पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. मग ते अनवाणी बाहेर आले. ओल्या फरशीवर त्यांचा डावा पाय ओढला जात होता. मला बघून ते थांबले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"सर, हे काय?"

"जात नाय गो," ते हळूच म्हणाले. "पाणी घेतो, तरी जात नाय. काल स्टुडिओत सोळा वर्षांच्या नटीचं पळणं करत होतो. रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणतो, काका, हिरॉईन लंगडतेय."

ते हसले. मला हसू आलं नाही. खाली उतरताना मी त्यांच्या मागे होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कठडा धरला, छातीवर हात ठेवला आणि दम खात उभे राहिले.

"मग नाही म्हणा ना आईला," मी म्हटलं.

"तुझी आई पहिल्या दिवशी आली तेव्हा कशी चालत आली होती, ऐकलंस?" ते म्हणाले. "पाय टेकतच नव्हते तिचे. आता टेकतात. कसं नाही म्हणू?"

घरी आई भाजी निवडत होती. मी समोर उभी राहिले आणि सगळं धाडकन बोलून टाकलं. "आई, मला माहितीय तू कुठे जातेस. सर लंगडायला लागलेत. आणि जिन्यात दम खातात. दुसऱ्या मजल्यावर. बाबांसारखे." आईचा हात थांबला. तिने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "उद्या तू पण चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी त्या बाकावर बसलो. पडद्यामागे पावलं सुरू झाली. आईने माझा हात धरला. "हिला आणलंय," ती म्हणाली. "बोल गं." मला खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं एवढंच, "बाबा, गणितात पास झाले." पावलं थांबली. मग आई उठून उभी राहिली. "अहो, आता येऊ नका. ते सर भले माणूस आहेत, त्यांना त्रास होतोय. आमचं आम्ही बघू. त्या दिवशी तुम्ही जिन्यातच राहिलात. आज पूर्ण उतरा आणि जा."

पडदा हलला. सर चपला घालूनच बाहेर आले, आमच्याकडे न बघता दाराबाहेर गेले आणि जिना उतरू लागले. आम्ही जागच्या हललो नाही. उजवं ठाम, डावं ओढलेलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज थांबला. खूप वेळ थांबला. आईची नखं माझ्या हातात रुतली. मग पावलं पुन्हा सुरू झाली. पहिला मजला, तळमजला. मैदानातल्या रेतीवर ती करकरली, फाटकाकडे गेली, बारीक होत गेली आणि ऐकू येईनाशी झाली. मी खिडकीशी धावले. सगळं मैदान खिडकीतून दिसत होतं. उन्हात एक कावळा होता, बाकी कुणी नव्हतं.

आम्ही खाली निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर सर पायरीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. आईच्या तोंडून कसलातरी आवाज निघाला. सरांनी डोळे उघडले.

"आहे मी, वहिनी," ते म्हणाले. चपला शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. "इथेच काढल्या. पुढे पाय उचलेना."

"मग खाली कोण गेलं?" मी विचारलं.

सरांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी पण ऐकलं," एवढंच म्हणाले.

ते उठले आणि आमच्याबरोबर खाली आले. दोन्ही पाय सारखे पडत होते. चपला आईनेही घेतल्या नाहीत, सरांनीही नाहीत. शिपाईमामांनी नंतर त्या कुणाला दिल्या, ते आम्ही विचारलं नाही.

पुढची पाच-सहा वर्षं सर शिबिराला येत राहिले, पण घरून पायताण आणायला त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही. बाकी सगळं त्यांनी मला शिकवलं. कापडाच्या घडीतून पंखांची फडफड, नारळाच्या करवंट्यांतून घोडा. आज मी त्याच कामात आहे. बंद खोलीत दुसऱ्यांच्या पायांनी चालते आणि बाहेर पडताना पायांवर पाणी घेते. सोबतचे हसतात. मी पण हसते, पण पाणी घेते.

गेल्या वर्षी सर अंथरुणाला खिळलेत असं कळलं म्हणून भांडुपला त्यांच्या घरी गेले. साखरेच्या आजारात पाय गेले होते, दोन्ही. चादर गुडघ्यांपाशी सपाट झालेली. सरांच्या पत्नी, काकी, म्हणाल्या, "बस गो. आज सकाळपासून विचारतायत, कोण येणार आहे म्हणून. मी म्हटलं, कुणी नाही." सरांनी डोळे उघडले नाहीत. "चाल बघू," म्हणाले. मी त्या छोट्या खोलीत पलंगापासून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"कोणाला घेऊन आलीस?"

"एकटीच आलेय, सर."

"नाय. परत चाल."

मी परत चालले. न राहवून मी मागे वळून दाराकडे पाहिलं. सरांनी ते कसं ओळखलं कोण जाणे, त्यांचे डोळे मिटलेलेच होते.

"मागे काय बघतंस?" ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी ते मिश्कील हसू आलं. "मागे कोण नाय. अजून चालायला यायचं आहे त्याला. जिने जपून उतर."

सर त्याच आठवड्यात गेले. त्यानंतर पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट बघून माझं अभिनंदन केलं. आईला फोन लावला तेव्हा मला धड बोलताच येईना. ती पलीकडून विचारत राहिली, "अगं, आनंदाची बातमी ना? मग रडतेस कशाला?"