दवाखान्यासमोरचं नेलपॉलिश

टिक-टिक-टिक. नेलपॉलिशची शिशी हलवली की आतली बारीक गोळी अशी वाजते. हा आवाज पहिल्यांदा लहानपणी ऐकला, बांगड्या विकणाऱ्या बाबांच्या पेटीत. आता अकोल्यात दवाखान्यासमोर माझी कटलरीची टपरी आहे. इथं किस्से आपोआप गोळा होतात. घाबरलेला माणूस फार बोलतो ना!

ऑपरेशनआधी सिस्टर नखं साफ करायला लावतात. डॉक्टरला नखाचा खरा रंग पाहायचा असतो. म्हणून माझ्याकडे पॉलिशपेक्षा रिमूव्हरच जास्त खपतं!

एकदा एक खाला आल्या. दहाही नखं मेंदीनं लाल. पॉलिश लावलं तर नखाला पाणी लागत नाही, नमाजाआधीचा वजू होत नाही, म्हणून त्या मेंदीच लावत. अर्धी बाटली संपली, रंग हलेना. खाला म्हणाल्या, "नाखून बढे तबीच जाती, भाईजान. डॉक्टर को बोलो, दो महिने रुको!"

निवडणुकीनंतर तेल्हाऱ्याच्या आजी आल्या. बोटावर मतदानाची शाई. मी घासून थकलो. आजी तडकल्या, "सरकारनं लावलं, तं सरकारी दवाखान्यानंच काढा लागते!"

जयंतीच्या आठवड्यात निळा शेड उरत नाही. मिरवणुकीत नाचताना एका पोरीचा पाय मोडला. सिस्टर तिला म्हणाल्या, "नखं साफ कर." पोरगी म्हणे, "एक बोट घ्या, नऊ राहू द्या!" नंतर सिस्टर टपरीवर आल्या, हात पदराआड. त्यांचीही निळीच!

आणि अंजनगावचे ते म्हातारे भाऊ. बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन. रिमूव्हर घेताना सांगत होते, "नातीच्या लग्नात पयल्यांदाच लावलं तिनं. काढूच देत नोती. म्हणे, परत कोन लावून देईन? मी म्हटलं, मी देईन."

तीन दिवस दिसले नाहीत. मी सारखा गेटकडे पाहत होतो.

चौथ्या दिवशी आले. खिशातून कापसाचा बोळा काढला. त्यावर पुसलेला गुलाबी डाग. "हाच रंग पायजे."

मी एकेक शिशी बोळ्याजवळ धरली. सातवी जुळली. मग भीत भीत विचारलं, "वयनी कशा आहेत?"

"चहा मांगून रायली!"

स्टुलावर बसले. "हे लावतात कसं? मले शिकवा."

मी शिशी हलवून दिली. टिक-टिक-टिक. जीभ दातात धरून त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताची नखं रंगवायला घेतली. पहिल्या बोटाचं अर्धं कातडंच गुलाबी झालं. कॉलेजच्या दोन पोरी हसल्या, मग पाहत उभ्या राहिल्या. पाचवं नख नीट जमलं. भाऊंनी त्याच्यावर फुंकर घातली, शिशी खिशात टाकली, आणि बोटं फाकवून दवाखान्याच्या गेटकडे चालू लागले.