पाय मागे घ्यायचा शब्द

डच भाषेच्या बोलण्याच्या परीक्षेत मी एकदा नापास झाले होते. पुन्हा झाले असते, तर नेदरलँड्समधल्या दवाखान्यातली नर्सची जागा हातची गेली असती. लाखनीच्या दवाखान्यात इतकी वर्षं सलाईन लावण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, त्याचा मला माजही होता. पण जीभ काही ऐकत नव्हती.

तिकडचे शब्द मालगाडीसारखे. रक्तदाब मोजायचं यंत्र म्हणजे ‘ब्लूद्रुकमेटर’. रक्त, दाब, मापक, सगळे डबे एकाला एक जोडलेले. ऑनलाइन शिकवणाऱ्या बाई सांगायच्या, “आधी जोड ओळखा, शब्द तिथं तोडा. जोर पहिल्या तुकड्यावर, बाकीचे हलके.” मी मात्र चारही अक्षरं सारखीच ठोकायची, बाराखडी घोकल्यासारखी.

रोवणीचे दिवस होते. मोहाडीजवळच्या आमच्या गावी, भाताच्या बांधीत, धान रोवणाऱ्या बायांचा ताल आईच्या हाती असतो. ती गाण्याचा पहिला शब्द जोरात टाकते, त्यावर सगळ्या एकदम पाय मागे घेतात आणि पुढच्या हलक्या शब्दांवर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. मी धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, बसून डच शब्द पाठ करत होते. आई वाकल्या वाकल्या म्हणाली, “सारं एकाच जोरानं काहून म्हणून राहिली? असं गायलं त बाया पाय केव्हा हलवतीन?”

मी चिडले. “हे गाणं नाही, आई. परदेशी भाषा आहे.”

“मंग उतर बांधीत.”

उतरले. ‘ब्लू’वर पाय मागे, ‘द्रुक-मे-टर’वर तीन रोपं. पहिल्याच ओळीत शेजारणीला धडकले, बाया खूप हसल्या. संध्याकाळपर्यंत कंबर मोडली, पण शब्द बसला. पुढचे आठ दिवस माझं सगळं पुस्तक त्या चिखलात उतरलं. शब्द कुठं तोडायचा ते मी सांगायची, ताल आई धरायची.

परीक्षेत टेबलाखाली माझा पाय मागे जात होता. पास झाले.

शिकवणाऱ्या बाईंनी मोबाइलवर विचारलं, आणखी कुठला क्लास लावला? मी म्हटलं, आईचा. त्या हसल्या. मला ते झोंबलं. मी मोबाइल अंगणात नेला आणि आईला म्हटलं, म्हणून दाखव. आईनं सूप खाली ठेवलं, पाय मागे घेतला आणि ‘ब्लूद्रुकमेटर’ म्हणाली.

बाई हसायच्या थांबल्या. “हे तर तुमच्यापेक्षा स्वच्छ आहे.”

आईनं सूप उचललं. “बाईले सांग,” ती म्हणाली, “पोरींले बसवून नोको शिकवू.”