गोऱ्याचा पखवाज

प्रोग्रेसिव्ह रॉक हे विलायती संगीत ऐकणारी माणसं रोहा-पेण पट्ट्यात त्या काळी किती होती, असं मला कुणी विचारलं तर मी छातीठोक सांगतो: दोन. रोह्यात मी आणि पेणला माझा मित्र. नागोठण्यात तिसरा आहे अशी अफवा होती म्हणून आम्ही एका रविवारी तिथं उतरून त्याला शोधून काढला. तो जाझवाला निघाला आणि वर आम्हालाच अक्कल शिकवायला लागला. त्याच्या घरचा चहासुद्धा न घेता आम्ही परत आलो.

नव्वदनंतरची पहिली वर्षं ती. मी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होतो. सुट्टी असली की अंगाला कंपनीचा वास घेऊन पॅसेंजर पकडायची, निडीला ती उगाच रेंगाळली की तिला शिव्या घालायच्या, आणि पेणला उतरून मित्राच्या कारखान्यात जायचं. पेणमध्ये कारखाना म्हटलं की तो गणपतीचाच असतो, वेगळं सांगावं लागत नाही. मित्र तिथं डोळ्यांची आखणी करायचा. रंग कुणीही मारतो हो, पण गणपतीचे डोळे ज्याचा हात हलत नाही त्यालाच देतात. ह्याचा हात मुळीच हलत नसे. मूर्तीसमोर उकिडवा बसून, श्वास रोखून, तो एका दमात पापणी ओढायचा आणि देव एकदम आपल्याकडे बघायला लागायचा. मला दर वेळी दचकायला व्हायचं.

कारखाना त्याच्या वडिलांचा. ते आळीतल्या भजनी मंडळाचे पखवाजीसुद्धा होते आणि पखवाजात त्यांचं नाव पार वडखळपर्यंत होतं. माणूस वाईट नव्हता, त्यांना कशाचंच कौतुक नव्हतं इतकंच. पोरानं वर्षभर ओळीनं मूर्तींना डोळे दिले की ते कमरेवर हात ठेवून एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, ‘‘चालेल.’’ ह्याच्या वरची पायरी त्यांच्याकडे नव्हती. लहानपणी त्यांनी पोराला पखवाज शिकवायला घेतला होता. रोज एकच ऐकवायचे, ‘‘हात लाकडाचा हाय तुझा.’’ तेरा-चौदा वर्षांचा असताना पोरानं पखवाज भिंतीला टेकवून ठेवला तो ठेवलाच. नंतर दोघांचं बोलणं म्हणजे रंग, ऑर्डर आणि जेवायला चल. मला तो एकदा म्हणाला होता, ‘‘मला बाकी काय नको रे. बाबांनी मरायच्या आत एकदा ‘वा’ म्हणावं.’’ मी त्याला म्हटलं, बाबा रे, त्यापेक्षा लॉटरीचं तिकीट काढ.

आता आमचं दैवत. इंग्लंडचा एक बँड होता. नाव सांगत नाही, कारण नाव घेतलं की कुणीतरी म्हणतं ‘त्यांच्यापेक्षा ते अमके भारी’, आणि मग माझं डोकं फिरतं. कॅसेटच्या एका बाजूला त्यांचं एकच गाणं मावायचं. गाणं सुरू झालं की मित्र आखणीला बसायचा आणि संपलं की पाठ मोडत उठायचा. ही कॅसेट आम्ही मुंबईच्या एका ओळखीच्या माणसाकडून भरून आणली होती. कोरी कॅसेट नव्हती म्हणून मित्रानं घरातली एक जुनी उचलली. तिचे मागचे दात कुणीतरी मोडले होते, म्हणजे त्यावरचं पुसलं जाऊ नये अशी कुणाचीतरी इच्छा होती. पण आम्हाला देवाचं काम होतं. भोकांवर चिकटपट्टी मारली आणि दिली पाठवून.

आली ती कॅसेट ऐकून आम्ही दोघं वेडे व्हायचे बाकी राहिलो. गाण्याच्या बरोबर मध्यावर ऑर्गनचं तुफान चालू असताना एकदम ‘टक्’ असा आवाज होई आणि सुरू होई चक्क पखवाज. मागे पेटीचा एकच सूर. पाऊणएक मिनिट तो पखवाज वाजायचा, मग पुन्हा ‘टक्’ आणि गिटार! तो ‘टक्’ त्यांनी मुद्दाम ठेवलाय, त्यात फार मोठा विचार आहे, असं मी कंपनीच्या कँटीनमध्ये लोकांना भात खाताना समजावून सांगत असे. लोक भात खात राहायचे.

त्या पाऊण मिनिटावर आम्ही केवढी इमारत उभी केली! कोण कुणाचं ऐकून मोठा झाला, कुणी कुणाकडून काय उचललं, ह्यावर आमचे रविवार जायचे. सगळ्या लांब केसवाल्यांची आम्ही घराणी लावली. हा ऑर्गनवाला आणि त्या दुसऱ्या बँडचा ऑर्गनवाला एकाच झाडाचे, कारण दोघंही पोरपणी चर्चमध्ये वाजवत होते. हा गिटारवाला सतार ऐकलेला. आणि आमचा बँड तर सगळ्यांच्या पुढे जाऊन कोकणातल्या भजनापर्यंत पोचलेला! कसा पोचला, हा प्रश्न आम्हाला पडला नाही. भक्ताला असले प्रश्न पडत नसतात.

काकांना, म्हणजे मित्राच्या वडिलांना, हा सगळा गोंगाट वाटायचा. ते आले की टेप बंद. पण एक दिवस ते कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही आणि नेमका पखवाज सुरू झाला. मित्र टेपकडे झेपावला.

‘‘थांब,’’ काका म्हणाले. ‘‘मागं घे.’’

मागं घेतलं. पुन्हा मागं घेतलं. काका शाडूच्या पोत्यावर बसले.

‘‘कोण हाय हा?’’

‘‘इंग्लंडचा हाय, बाबा.’’

‘‘गोरा?’’

‘‘व्हय.’’

‘‘ह्यांचे बुवा कोण?’’

मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी पुढे होऊन आमची घराणी सांगितली, चर्चची हकिकत सांगितली. काकांनी मान डोलावली. ‘‘म्हणजे देवळातलेच. मग बरोबर हाय.’’ मग डोळे मिटून त्यांनी अजून एकदा ऐकलं आणि ते म्हणाले, ‘‘वा!’’

मी हळूच मित्राकडे बघितलं. त्याच्या देवाला बापानं ‘वा’ दिली होती, म्हणून तो आनंदानं लाल झाला होता. आणि ती वा शेवटी एका परक्या गोऱ्याला मिळाली, म्हणून त्याचा चेहरा उतरलाही होता. एका माणसाच्या तोंडावर एवढं सगळं एकदम मावत नाही. तो उठून ब्रश धुवायला गेला.

तेव्हापासून कारखान्यात आमचा टेप खुशाल वाजू लागला. काका एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. ते कॅसेट घेऊन भजनी मंडळात गेले. म्हातारे टाळकरी ओळीनं बसलेत, समोर टेप, आणि काका सांगतायत, ‘‘पेण तालुक्यात असा हात नाय कुणाचा. माझा पण नाय!’’ कुणी पाव्हणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी गोरा ऐकवायचा. तक्रार एकच होती, आवाज भरदार यावा म्हणून पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात तिची. ‘‘डाव्या बाजूला कणीक कमी लावलेय. गोऱ्यांना कणीक मळता येत नाय, त्याला तो तरी काय करील?’’ ब्रेड खाणाऱ्या लोकांकडून ह्याहून जास्त अपेक्षा नको, असं मंडळानंही एकमतानं ठरवलं.

दोन गणपती असे गेले. मग आमच्या कंपनीत पुण्याहून एक साहेब बदलून आले. त्यांच्या क्वार्टरमध्ये अस्सल परदेशी कॅसेटी भिंतभर लावलेल्या. आमच्या बँडची तर सगळीच्या सगळी! मी साहेबांना सहज म्हणून म्हटलं, ‘‘ह्यातला पखवाज काय आहे नाही!’’

‘‘कुठला पखवाज?’’

त्यांनी त्यांची कॅसेट लावली. ऑर्गनचं तुफान आलं आणि तुफानातून सरळ गिटार आली. मध्ये काही नाही.

‘‘साहेब, तुमच्या कॅसेटमधला कापलाय,’’ मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. ‘‘आपल्या माणसाचं वाद्य म्हणून कापला असणार. ह्या लोकांचं हे नेहमीचंच!’’

साहेब सभ्य होते. म्हणाले, तुमची घेऊन या. पुढच्या आठवड्यात मी पेणहून आमची कॅसेट आणली. साहेबांनी हेडफोन लावून ती ऐकली आणि त्यांचा चेहरा हळूहळू कसातरीच होऊ लागला. मग त्यांनी हेडफोन माझ्या कानाला लावला. पखवाज चालला होता आणि त्याच्या मागे, खूप लांबून, एका बाईचा आवाज ओरडत होता, ‘‘अगो, दूध गेला बघ!’’

‘‘तुमच्या लंडनमध्ये दूध उतू जातंय,’’ साहेब म्हणाले.

मग त्यांनी मला सगळं समजावलं. भरणाऱ्यानं मध्येच कुठंतरी गाणं आणि रेकॉर्डिंग थांबवलं असणार. टेप तशीच पुढे सरकली असणार. तेवढ्या तुकड्यात खालचं जुनं तसंच राहिलं, बाकी सगळं पुसलं गेलं. ‘टक्’ म्हणजे बटण. मी कँटीनमध्ये दोन वर्षं एका बटणावर व्याख्यानं दिली होती. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, तसं झालं मला.

साहेबांकडून छोटा टेप आणि हेडफोन मागून घेतले आणि पेण गाठलं. कारखान्याच्या मागे नेऊन मित्राला ऐकवलं. दूध गेलं तसा तो म्हणाला, ‘‘आई हाय ही.’’

‘‘ते कळलं. वाजवतंय कोण?’’

त्यानं पुन्हा ऐकलं. आमच्या घरात पखवाज वाजवणारं दुसरं कोण, असं म्हणाला आणि एकदम फसकन हसला. मीही हसलो. काका स्वतःच! दोन वर्षं हा माणूस मंडळात बसून स्वतःच्याच हाताला वा देत होता आणि ‘माझा पण असा नाय’ म्हणत होता! आम्ही पोट धरून हसलो. मग मित्रानं टेप बंद केला. ‘‘बाबांना सांगू नको,’’ म्हणाला. ‘‘मंडळात तोंड दाखवता यायचं नाय त्यांना. टेप जाईल, गाणी जातील, ती एक वा पण जाईल.’’ माझ्या हातात असतं तर मी तिथंच कॅसेट शाडूत पुरली असती. पण खात्री करायला पाहिजे, म्हणून आम्ही स्वयंपाकघरात काकीकडे, म्हणजे मित्राच्या आईकडे, गेलो.

काकी भाकऱ्या थापत होती. हात पिठाचे, म्हणून हेडफोन मीच तिच्या कानांवर चढवला. हेडफोन लावलेला माणूस ओरडून बोलतो, हे आमच्यासारख्या संगीतवाल्यांना तरी कळायला हवं होतं.

‘‘अगो बाय!’’ काकी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी ओरडली. ‘‘हा तर आपला पोर वाजवतोय!’’

‘‘आई, हळू!’’

‘‘मामा बोटीवर नोकरीला होता, त्याला पाठवायला आवाज भरला होता, मग मीच ठेवून घेतली कॅसेट! ह्यांचा सीझन होता, हे कारखान्यात! किती सुरेख वाजवलंन होतं! पुसू नये म्हणून मीच दात मोडलेले! तुम्ही मेल्यांनो त्याच्यावर काय भरलात?’’

दारात काका उभे होते.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. काकांनी पुढे येऊन काकीच्या कानांवरचा हेडफोन काढला, स्वतः लावला आणि उभ्यानंच सगळं ऐकलं. मग तेही ओरडले, ‘‘कणीक कमी हाय!’’

‘‘ती मीच मळली होती!’’ काकी म्हणाली. ‘‘पीठ सगळा तुमच्या मंडळाला गेला होता त्या दिवशी!’’

काकांनी हेडफोन उतरवला आणि पोराकडे बघितलं. ‘‘एवढं वाजवत होतास,’’ ते म्हणाले, ‘‘मग सोडलास कशाला रे गाढवा?’’

‘‘तुम्हीच म्हणायचात, हात लाकडाचा हाय.’’

‘‘अरे, माझा बाप मला पण तेच म्हणायचा! मी सोडला काय?’’

‘‘मी नाय ना तुमच्यासारखा,’’ मित्र म्हणाला आणि रडायला लागला. चांगला लग्नाला आलेला बाप्या, हमसून हमसून रडला. मला काय करावं सुचेना म्हणून मी भाकरी उलटली. काकांना असल्या वेळी काय करतात ते माहीतच नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून रुमाल काढून पोरापुढे धरला. रुमालाला सोनेरी रंग लागलेला होता आणि तो सगळा मित्राच्या नाकाला लागला.

पुढच्या गुरुवारी मंडळ बसलं. मी मुद्दाम रजा टाकून आलो होतो. अभंगाला सुरुवात व्हायच्या आधी काका उठून उभे राहिले. मला वाटलं होतं विषय टाळतील. पण नाही, त्यांनी घसा खाकरला आणि सांगितलं, ‘‘मी चुकीचं बोललो. तो गोरा नाय. तो माझा पोरगा हाय.’’

मग एक म्हातारे टाळकरी खो खो हसायला लागले. ‘‘काय राव! स्वतःचा पोरगा म्हणून काय पण?’’

‘‘खरं सांगतोय!’’

‘‘एवढा तयार हात ह्या पोराचा? आम्ही काय कान विकून खाल्ले काय?’’ दुसरे म्हणाले. तिसऱ्यांनी समजुतीचा सूर लावला, ‘‘जाऊ द्या हो, बापाला पोराचं कौतुक असायचंच.’’

काका लालबुंद झाले. शपथा घेऊ लागले, काकीला बोलवा म्हणाले, दूध उतू गेल्याचा पुरावा देऊ लागले. आवाज चढत गेले. बुवा पेटी सोडून मध्ये पडले. मला ते बघवेना. हे प्रकरण मीच रोह्याहून उकरून आणलेलं, तेव्हा सोडवायला उठलो, तर मित्रानं माझा सदरा धरून मला खाली बसवलं. त्याचे डोळे काकांवरून हलत नव्हते.

‘‘बस गप,’’ तो म्हणाला. ‘‘भांडू दे त्यांना.’’