झांबियाचे काका

दोन गरीब देशांचं भांडण एकट्यानं, आणि तेही दोन्ही बाजूंनी, लढणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला: माझ्या मावशीचे यजमान. तरुणपणी ते झांबियात, तांब्याच्या खाणींच्या एका गावी, शाळेत गणित शिकवायला गेले आणि ऐंशीच्या सुमाराला परत येऊन डोंबिवलीत मानपाडा रोडवर, आमच्याच इमारतीत, राहू लागले. त्या इमारतीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी अमेरिकेत, नाहीतर गेलाबाजार दुबईत तरी होतं, आणि जिन्यात उभं राहून तिथल्या रस्त्यांचं कौतुक चालायचं. काकांना त्याचा भयंकर संताप. "सावकाराच्या वाड्याशेजारी आपली खोली काय धरून बघता? बरोबरीच्या माणसाशी ताडून बघा!" असं ते गरजत. बरोबरीचा माणूस म्हणजे झांबिया. मात्र बरोबरीचा म्हणताना ते त्याला आपल्यापेक्षा चार बोटं वरच ठेवत.

सकाळी भेटेल त्याला ते तिकडच्या भाषेत "मुली शानी!" म्हणत. त्याचा अर्थ "कसे आहात?" एवढाच, पण इमारतीला ऐकू येई "मुली, शहाणी!" शेंडीवाले, निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्या मजल्यावर राहत. त्यांनी हे आठवडाभर सोसलं आणि मग मावशीकडे रीतसर तक्रार केली, की शहाणा म्हणायला हरकत नाही, पण मुलगी का? काकांनी अभिवादन बदललं नाही. उलट पोस्टमास्तरांना त्याचं उत्तर शिकवायला ते रोज त्यांच्या दारात उभे राहू लागले.

नळाला पाणी आलं नाही की काका गॅलरीत येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "तिकडे नळ फिरवला की पाणी!"

मावशी आतून म्हणे, "हो, आणि साबण नव्हता."

"नसेल साबण! पण साबणाची रांग बघितलीस? एक माणूस मध्ये घुसत नव्हता."

"रांगेच्या टोकालाही साबण नव्हता."

मावशीनंच मला एकदा हळूच सांगितलं, की तिकडे असताना हेच गृहस्थ शाळेच्या स्टाफरूममध्ये डोंबिवलीचा झेंडा घेऊन बसत. आमच्याकडे गल्लीगल्लीत डॉक्टर, आमच्याकडे पोळीभाजी घरपोच, आमच्याकडे नाटकाला रात्री बायका एकट्या जातात! तिथल्या मास्तरांना डोंबिवली ही भारताची राजधानी वाटत होती म्हणे.

नव्वदीच्या सुरुवातीला एक गोष्ट घडली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं झांबियाला यंत्रं विकली होती, आणि ती चालवायला शिकण्यासाठी म्वांसा नावाचा तिथला तरुण काही महिने डोंबिवलीत आला. आमच्या इमारतीतला एक ब्लॉक रिकामा होता, मालकही द्यायला तयार होता. पण सोसायटीची मीटिंग बसली आणि सेक्रेटरी म्हणाले, "आपली फॅमिली बिल्डिंग आहे. उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? ते लोक कसे असतात काय माहीत!"

काका उठले. त्यांचा आवाज नेहमी चढलेला असे. त्या दिवशी तो खाली आला होता. "मी कसा असतो हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? मी तिथे उतरलो तेव्हा शेजारीण मक्याच्या पिठाचं गरम भांडं घेऊन दारात उभी होती. फॅमिली कुठाय म्हणून तिनं विचारलं नाही. तुम्हाला ब्लॉक द्यायचा नसेल, नका देऊ. तो माझ्या घरी राहील. मला काढायचं तर काढा."

मावशीनं त्याच संध्याकाळी बाहेरच्या खोलीतला दिवाण झाडून घेतला.

काकांना वाटलं, आता आपल्या बाजूनं बोलणारा आला. झालं भलतंच. म्वांसा डोंबिवलीच्या प्रेमात पडला. बाजारातून तो डोळे विस्फारून परत येई. "सर, साबणाचे किती प्रकार! आणि रांगच नाही!" मावशीनं खास त्याच्यासाठी मक्याचं पीठ घोटलं, तर तो बटाट्याची भाजी आणि पोळी मागू लागला. काका हवालदिल झाले. झांबियाची बाजू एका झांबियन माणसाविरुद्ध लढवायची पाळी त्यांच्यावर आली.

वर सोसायटीनं फर्मान काढलं: बाहेरच्यांनी कंपाउंडमध्ये बसायचं नाही. दुसऱ्याच संध्याकाळी काकांनी दोन खुर्च्या खाली नेल्या, बरोबर सेक्रेटरींच्या खिडकीसमोर मांडल्या, आणि दोघं तावातावानं भांडत बसले. कोणता देश राहायला बरा?

"तुमच्याकडे दवाखान्यात पैसे पडत नाहीत!" काका ओरडत.

"औषधं पण मिळत नाहीत, सर," म्वांसा म्हणे. "तुम्ही बऱ्या दिवसांत होतात. आता तांब्याला भाव नाही."

डोंबिवलीकर एक वेळ जेवण सोडेल, पण चालू वाद सोडून वर जाणार नाही. आधी पोस्टमास्तर थबकले. मग तळमजल्यावरचे दोघे कॉलेजकुमार आले, मग भाजीची पिशवी घेतलेल्या बायका. आठवड्याभरात खुर्च्या कमी पडू लागल्या. एका संध्याकाळी काकांनी जाहीर केलं, की या इमारतीइतकं वाईट पाणी अख्ख्या आफ्रिकेत नाही. वरची खिडकी धाडकन उघडली. "अहो, ते मागच्या साली! आता नवीन टाकी बांधलीय, मी स्वतः उभं राहून बांधून घेतलीय!" सेक्रेटरी लेंग्यावरच खाली आले आणि म्वांसाचा हात धरून त्याला टाकी दाखवायला घेऊन गेले. फर्मान कुणी मागे घेतलं नाही; ते होतं हेच सगळे विसरले.

म्वांसा परत गेला तेव्हा त्याला निरोप द्यायला सेक्रेटरीही विमानतळावर आले होते.

पुढे काही वर्षांनी मी घोडबंदर रोडला, नव्या उंच इमारतीत जागा घेतली. काकांना हौसेनं दाखवायला नेलं. लिफ्ट, चोवीस तास पाणी, खाली बाग; ते सगळं पाहत होते, मी शेरा ऐकायला कान टवकारून होतो. "शेजारी कोण?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. ते तडक बाहेर गेले आणि समोरची बेल वाजवली. शर्टाच्या सुरकुत्या हातानं नीट केल्या. आतून टीव्हीचा आवाज येत होता. त्यांनी थांबून पुन्हा वाजवली. दारातल्या भिंगातून कुणीतरी पाहिल्यासारखं वाटलं, पण दार उघडलं नाही.

झांबियातलं, डोंबिवलीतलं काहीतरी आता येणार म्हणून मी वाट पाहत होतो. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून इतकंच म्हणाले, "नवीन आहेत रे बिचारे. तू उद्या परत वाजव."