हरलेल्या पार्टीचा रस्सा

आठवीचा रिझल्ट लागला त्याच दिवशी मी शाळा सोडली. तेव्हापासून रिझल्ट हा शब्द ऐकला की माझे कान आपोआप बंद व्हायचे. त्यातूनच पुढं रांजणगावात घोळ झाला.

नांदेडकडचं गाव सोडून मी तिथल्या एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर स्वयंपाकात मदतीला लागलो होतो. कायम नव्हतो. ठेकेदारानं आल्या आल्या बजावलं होतं, "पाहुण्याची एक तक्रार आली, की बॅग भरायची." त्यामुळं पाहुण्याचं बोलणं संपायच्या आतच माझी मान हललेली असायची.

तेव्हा पाहुणा एकच होता. मशीन बसवायला युरोपातून आलेला, उंच, टोमॅटोसारख्या गालांचा. पूर्वी लाल झेंड्याचं राज्य होतं, अशा देशातला. शनिवारी मी चहा नेला तर दोन्ही हात पसरून म्हणाला, "सन्डे, माय पार्टी! बिग! रिझल्ट!" सन्डे कळलं, पार्टी कळली, बिग तर हातांवरूनच कळलं. शेवटचा शब्द सवयीनं कानाबाहेर राहिला. "येस सर," म्हणालो.

मुख्य स्वयंपाकी आप्पा जवळच्याच निमोणे गावचे. ऐकून एकदम खूश.

"पार्टी म्हंजी कोंबडीच की! किती मान्सं?"

"बिग म्हणालाय, आप्पा."

"मंग पहिल्या शिफ्टला सगळ्यास्नी सांग. कंजूषपना न्हाई करायचा."

रविवारी सकाळी पाहुणा कंपनीच्या जीपनं दौंडच्या चर्चला गेला. इकडं गावठी कोंबड्या आल्या, अंगणात सतरंज्या पडल्या. तो परतला तेव्हा शिफ्ट सुटून पंगत बसली होती. त्याला बघताच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो मागं वळून बघायला लागला, आपल्यामागून कोण आलं म्हणून.

तेवढ्यात आत फोन वाजला. तो धावत गेला आणि बाहेर आला तो चेहरा पाडूनच.

"माय पार्टी," तो म्हणाला, "फिनिश."

"फिनिश कशी?" आप्पा पळी घेऊन पुढं झाले. "आत्ता कुठं वाढतोय!"

मग पंगतीतल्या सुपरवायझरनं उष्ट्या हातानंच त्याला इंग्रजीत विचारून आम्हाला सांगितलं. पार्टी म्हणजे निवडणुकीची. जुन्या लाल राजवटीत देवाधर्म चालत नव्हता, म्हणून पाहुण्याच्या आईनं पडदे ओढून, घरातच त्याचा बाप्तिस्मा करून घेतला होता. ती राजवट गेल्यावर ख्रिस्ताचं नाव उघडपणे घेणारा एक पक्ष निघाला. देव, घरसंसार आणि छोट्या माणसाचं स्वतःचं दुकान, असं त्यांचं म्हणणं. यानं त्या पक्षाची पोस्टरं स्वतः चिकटवली होती. काल तिकडं मतदान संपलं आणि आज त्या पक्षाची सत्ता गेली.

मी हातातली भाकरीची टोपली खाली ठेवली. माणसाचा पक्ष पडला आणि आपण त्याच्याच नावानं कोंबडी वाढतोय! मनातल्या मनात मी बॅग भरलीसुद्धा. दोन शर्ट, एक टॉवेल.

आप्पा मात्र विचारात पडले होते. "देव, घर आन् दुकान? ह्यो तर आमच्या निमोण्याचाच पक्ष झाला की! सायबाला सांगा, आमच्यात पडलेलाबी पार्टी देतो. न्हाईतर फुडल्या टायमाला पोस्टरं कोन चिकटवनार?"

सुपरवायझरनं ते सांगितलं. पाहुणा एकदम मोठ्यानं हसला आणि सतरंजीवर बसला. गुडघे कानापर्यंत आले होते. रस्सा ओरपताना त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आप्पांनी त्या सगळ्या तिखटाच्या नावावर टाकल्या.

सोमवारी ठेकेदार तणतणत आला. "पाहुण्याच्या नावावर पंगत? कुणी सांगितलं रे तुला?"

पाहुणा चहाचा कप ठेवून उठला आणि माझ्या खांद्यावर हात टाकून ठेकेदाराला म्हणाला, "ही इज... माय पार्टी."

ठेकेदाराला त्यातलं काय कळलं, कोण जाणे. तक्रार नाही, एवढं कळलं असावं. मी राहिलो.

त्या पक्षाचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही. पण तुझा पक्ष कोणता, असं कुणी विचारलं की मला तोच आठवतो.